पाण्याचं पॉलिश

४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारचा डबा खाऊन

आणि मी पुन्हा सांगतो, पाण्याने पॉलिश होत नसतं. पाण्याने भांडी होतात. हे मी शुक्रवारी म्हटलं, शनिवारी म्हटलं आणि आज मालकीणबाईंच्या तोंडावर म्हटलं. (तोंडावर म्हणजे त्या फोनवर बोलत होत्या तेव्हा. पण म्हटलं.) तरी सहा डबे आलेच. एक उघडला तर आत दूध! पांढरंफेक. मी म्हणालो, बाई, तुम्हाला कुणीतरी गंडवलं. त्या म्हणाल्या, वाळलं की काचेसारखं होतं, लेबल वाच.

मी औषधाच्या बाटलीचंही लेबल वाचत नाही. तरी जिवंत आहे.

जुन्या लॅकरच्या वासाने वरच्या शिवणक्लासातल्या बायकांना चक्कर येते, म्हणून हे बिनवासाचं. आमच्या मामाच्या हाताखाली मी चार वर्षं पॉलिश मारलं. तिथे डबा उघडला की मांजर घर सोडून जायचं. त्याला म्हणतात पॉलिश.

चष्मा खूश आहे. चष्मा म्हणजे माझा खोलीतला पार्टनर, आणि नशीब बघा, कारखान्यातलाही. दोन्ही बाजूंनी लेबल वाचलं त्याने. आडवं लिहिलेलं मान वाकडी करून वाचलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवस पालटले! दातांच्या डॉक्टरीणबाई नवा दवाखाना काढतायत. पेशंट बसतात त्या खोलीसाठी लांबलचक टेबल हवंय, ओकचं, फिकट, आरपार दिसणाऱ्या पॉलिशचं. वास नको. सोमवारी १८ तारखेला पोचवायचं. मालकीणबाई म्हणाल्या, ज्याचा हात चांगला त्याला टेबल. टेबल पास झालं की तो फिनिशिंगचा हेड. पगार दीडपट, वर बोनस.

चष्म्याने विचारलं, दोन्ही हात चांगले निघाले तर? अरे, दुसरा आहेच कोण?

मनात हिशेब केला. धाकट्या बहिणीच्या, छोटीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला बावीस हजार लागतात, शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. दीडपट पगार अधिक बोनस. बरोबर बसतंय. वर माझे तपकिरी बूटही बसतायत, चौकातल्या दुकानाच्या काचेतले.

संकल्प: आजपासून पाण्याच्या पॉलिशला नावं ठेवायची नाहीत. मला ते पहिल्यापासून आवडतंच.

६ नोव्हेंबर, बुधवार

इथे एक रीत आहे. आधी त्याच लाकडाच्या फळीवर सॅम्पल करायचं, मागेपुढे दोन्हीकडे. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि काय काय केलं ते लिहायचं. मग चार दिवस फळी नुसती ठेवायची. त्यानंतरच सामानाला हात लावायचा. चार दिवस! फळी काय अंडी घालणार आहे?

चष्म्याने फळी घेतली आणि ओल्या फडक्याने पुसली. कोऱ्या लाकडाला पाणी! मी म्हणालो, आता साबणही लाव. तो म्हणाला, पाण्याने लाकडाच्या अंगावर काटा येतो, तो आधीच आणायचा, वाळू द्यायचा, घासून काढायचा, मग पॉलिश मारलं की पुन्हा येत नाही. मी म्हणालो, माझ्या लाकडाला तसली भीती वाटत नाही.

डबा चांगला खळखळून हलवला. तो म्हणाला, हलवू नको, फेस येतो, काडीने हळू ढवळ. तो स्वतः असा ढवळतो की वाटतं पाळण्यात बाळ निजलंय.

फेस आला. थोडा.

संध्याकाळी पाच

पहिला हात वाळला. खरंच काच! पण वरून हात फिरवला तर दोन दिवस न केलेली दाढी. लाकडावर काटा आलाच. म्हणजे योगायोग.

तेव्हा पेटीच्या तळातून मामाचा आशीर्वाद काढला. मी गावाहून निघालो तेव्हा सगळ्यांनी पाठीवर हात ठेवला, मामाने हातात स्टील वूलचा गुंडा ठेवला. लोखंडाच्या तारांची मऊ लोकर ती. म्हणाला, कुठेही जा, पॉलिशच्या दोन हातांमध्ये हे फिरव, उपाशी मरणार नाहीस. फिरवलं, दोन्ही बाजूंनी. फडक्याने पुसलं. वर दुसरा हात मारला. काय सांगू! बाळाचा गाल!

चष्मा बाहेर गेला होता. बरंच झालं. हा माझा फॉर्म्युला आहे, गावभर करायचा नाही.

फळीच्या मागे लिहिलं: २ नोव्हेंबर. स्टील वूल. एकदम फस्क्लास.

आज सहा तारीख आहे हे मला माहीत आहे. पण मनाने मी दोन तारखेलाच केली होती.

७ नोव्हेंबर, गुरुवार

टेबल मला!!!

मालकीणबाईंनी फळीवर डोळे मिटून हात फिरवला. म्हणाल्या, हे तू केलंस? चार दिवस झाले? मी म्हणालो, मागे तारीख आहे ना. डबे तर चार तारखेला आले होते, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांचा फोन वाजला. फोन ही फार चांगली वस्तू आहे.

चष्मा म्हणाला, त्याची फळी दहा तारखेला होईल. मालकीणबाई म्हणाल्या, डॉक्टरीणबाई तोवर थांबायच्या नाहीत, टेबल यालाच. चष्मा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, अभिनंदन. चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी फोन केला. आईला सांगितलं, तुझा मुलगा हेड झाला. आईने विचारलं, कुणाचं डोकं? समजावलं. मग ती म्हणाली, आत्या फीचे पैसे द्यायला तयार आहे, शिवणाच्या कामातून साठवलेत तिने, घेऊ का?

माझं रक्तच तापलं. म्हणालो, आत्याला सांग, घरात कमावता भाऊ बसलाय. (आई म्हणाली, बसलाय कुठे, तू तिकडे आहेस.) आत्याच्या एका पैशाला हात लावायचा नाही, माझी शपथ आहे. तीस तारखेच्या आत बावीस हजार, एकरकमी.

पलीकडे आईने भांडी आवरायला घेतल्याचा आवाज आला. भारावली असणार.

छोटीने फोन घेतला. म्हणाली, दादा, नक्की ना? मी म्हणालो, दगडावरची रेघ. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं! भावाने आयुष्य उभं करून दिलं आणि बरं.

९ नोव्हेंबर, शनिवार

हेडला शोभेल असा ब्रश घेतला. खऱ्या केसांचा, शिसवी दांड्याचा. चष्मा म्हणाला, पाण्याच्या पॉलिशला प्लास्टिकच्या केसांचाच ब्रश लागतो, खरे केस पाणी पितात. मी म्हणालो, माणसं पितात, केस नाही.

व्हिजिटिंग कार्डंही छापायला दिली. शंभर छापली तर महाग पडतात, पाचशे स्वस्त. म्हणून पाचशे. हे धंद्यातलं डोकं आईकडून आलं.

१० नोव्हेंबर, रविवार. सुट्टी

सॅम्पलची फळी घरी आणलीय. खाटेवर बसून चहा प्यायचा तर ट्रे नव्हता. आता आहे. कपाखाली काच असल्यासारखं वाटतं. राजेशाही!

फळीवर पाच-सहा बारीक काळपट ठिपके दिसले. चहाचे. चष्म्याला चहा ओतता येत नाही. त्याला म्हणालो, आजपासून चहा मी ओतणार. तो फळी उचलून उजेडाकडे नेऊ लागला, म्हणाला, हे चहाचे वाटत नाहीत. मी काढून घेतली. माणसाने हार मानायला शिकावं.

त्याची फळी आज चार दिवसांची झाली. तो तिच्याकडे बघत बसला होता. सुट्टीच्या दिवशी! लग्न कसं होणार याचं?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

टेबलाला पहिला हात.

ब्रशने पाणी प्यायलं. केस फुगून असे झाले की ब्रश म्हणजे बादलीत पडून बाहेर आलेलं मांजर. शिवाय अकरा केस टेबलावर राहिले. चिमट्याने काढले. डझन पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, एक आत असणार. असू दे. खरा केस आहे, महागाचा आहे.

अंगावर काटा आला. टेबलाच्या. माझ्याही थोडा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

चष्मा हार्डवेअरच्या दुकानात गेल्यावर स्टील वूल काढलं. टेबल मोठं, गुंडा भुगा होईपर्यंत घासलं. मामा, तुझे पाय कुठे आहेत! फडक्याने पुसलं. एकदाच. घाई होती, चष्मा जिना चढत होता.

दुसरा हात मारला. तो आला, हात फिरवला. मग म्हणाला, किती नंबरच्या पॉलिश पेपरने घासलंस? मी म्हणालो, हाताने. तो म्हणाला, हाताने म्हणजे? मी म्हणालो, काहींच्या हातात असतं.

कार्डं आली. नावाखाली ‘फिनिशिंग स्पेशालिस्ट’. स्पेशालिस्टमधली वेलांटी पडलीय. पाचशेंवर. छापणाऱ्याला म्हणालो, तर तो म्हणाला, तुम्हीच असं लिहून दिलं होतं. लोक उगाच वाद घालतात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरा हात. संपलं. मालकीणबाई टेबलाजवळ आल्या आणि आधी केस नीट केले, नंतर टेबल बघितलं. टेबलातच बघून केले!

पुढचं ठरवून टाकलंय. दोन वर्षं इथे हेड. मग स्वतःचं दुकान. काचेचा दरवाजा. चष्म्याला नोकरीला ठेवीन, लेबलं वाचायला. छोटी नर्स होईल तेव्हा तिच्या हॉस्पिटलच्या सगळ्या टेबलांचं काम आपल्याला. फुकट नाही करणार. बहीण बहिणीच्या जागी.

१८ नोव्हेंबर, सोमवार

टेबल पोचलं. दवाखान्याची फरशी उंचसखल, टेबल डुगडुगत होतं. एका पायाखाली माझी चार कार्डं घडी करून घातली. डुगडुग बंद, जाहिरात चालू. उरली चारशे शहाण्णव.

डॉक्टरीणबाई बारीक, पांढऱ्या कोटातल्या, डोळ्यांवर दुर्बिणीसारखा चष्मा. म्हणाल्या, छान. फक्त छान. पण त्या दिवसभर लोकांच्या जबड्यात बघतात, त्यांच्या तोंडून छान म्हणजे आपल्याकडचं वाहवा.

घरी फोन केला. आईला सांगितलं, पैसे निघाल्यातच जमा. आई म्हणाली, जेवतोस ना वेळेवर?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. टेबलावर बारीक ठिपके आहेत म्हणे. मी मालकीणबाईंना सांगितलं, ओक आहे, जिवंत लाकूड आहे, श्वास घेतं. माणसाला तीळ येत नाहीत का? त्या म्हणाल्या, तीन दिवसांत? मी म्हणालो, काहींना लवकर येतात.

तरी त्या म्हणाल्या, शनिवारी जाऊन बघून ये. चष्म्यालाही ने.

चष्म्याला कशाला?

२३ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस लिहायचा नाही असं ठरवलं होतं. पण वही सुट्टी मागत नाही.

दवाखान्यात सात पेशंट गाल धरून बसलेले. मधे माझं टेबल. त्यावर काळे ठिपके. पाच-सहा नाही. कुणीतरी भरल्या मुठीने मोहरी फेकल्यासारखे. एका आजोबांनी विचारलं, डिझाइन कुणाचं? मी म्हणालो, माझं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हो, यांचंच.

मग त्यांनी दातात घालायची ती वाकडी सुई आणली. डोक्यावरचा दिवा लावला. टेबलावर वाकल्या. एका ठिपक्यात सुई टोचली, खरवडली, माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाल्या, कीड आहे. वरून नाही, पॉलिशच्या आत. पेशंट उठून बघायला आले. एका बाईने तोंडातला कापूस काढून विचारलं, उपटावं लागेल का?

मी म्हणालो, बाई, नवीन आहे, बसायला वेळ लागतो, गरम पाण्याच्या गुळण्या… म्हणजे कोमट फडक्याने पुसत जा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं, मी कुणाकुणाला समजावू? माझ्या खोलीत बसून लोक या टेबलाकडे बघणार आणि मग माझ्या हातात तोंड देणार.

मी खिशात हात घातला आणि कार्ड दिलं.

चष्मा टेबलाखाली वाकून बघत होता. परत येताना एकदम म्हणाला, तू दोन हातांच्या मधे काय फिरवलंस? मी म्हणालो, धंद्यातलं गुपित. तो म्हणाला, तुझ्या गुपिताला गंज चढलाय.

हसलो मी. विनोद म्हणून बरा होता.

२५ नोव्हेंबर, सोमवार

टेबल परत आलं. टेम्पोतून उतरवताना सगळे होते. शिवणक्लासच्या बायकाही गॅलरीत. आज वास नव्हता, तरी बघायला आल्या.

मालकीणबाई अजिबात ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काहीतरी बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, तुझी सॅम्पलची फळी कुठे आहे, उद्या आण.

म्हणालो, आणतो. फळी म्हणजेच पुरावा आहे की काम चांगलं होतं. ठिपके आहेत तिच्यावर, पण ते चहाचे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी

फळी धुतली. साबण लावून. ठिपके जात नाहीत. चहा किती कडक करतो चष्मा!

पाच मिनिटांनी

फळी उलटी केली. मागच्या बाजूलाही ठिपके. तितकेच.

मागच्या बाजूला कुणी चहा पीत नाही.

आणि ठिपक्यांच्या मधोमध माझंच अक्षर. २ नोव्हेंबर. स्टील वूल. एकदम फस्क्लास.

दुपारी

चष्म्याने डबा आणला आणि लेबलाच्या दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. तांबड्या अक्षरात. स्टील वूल वापरू नये. तार तुटते, तिचे कण लाकडात अडकतात, वरून पाण्याचं पॉलिश बसलं की ते गंजतात, आणि ओकमध्ये तो गंज काळा पडतो. मामाचं जुनं पॉलिश स्पिरिटचं, त्यात पाणीच नाही, म्हणून मामाचं चालून गेलं. चार दिवस फळी ठेवतात ती यासाठीच म्हणे.

म्हणजे फळीने दहा तारखेलाच अंडी घातली होती. मी त्यावर कप ठेवला.

मालकीणबाईंनी फळी वाचली. तारीखही वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं. म्हणाल्या, दोन तारखेला डबे आलेच नव्हते. मग फळी भिंतीवर खिळ्याला टांगली, सगळ्यांना दिसेल अशी. माझं काम पहिल्यांदाच भिंतीवर लागलं.

टेबल मी घासायचं, कोऱ्या लाकडापर्यंत. दोन डबे पॉलिश आणि टेम्पोचं जाणं-येणं माझ्या पगारातून. फिनिशिंगचा हेड चष्मा. काढून टाकत नाही, म्हणाल्या, कारण घासायला कुणीतरी लागतंच.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस घासतोय. खोल ठिपके जात नव्हते, चष्म्याने कसलीशी पावडर पाण्यात कालवून लावली, गेले. बारावा केस सापडला.

पहिला हात चष्म्याने मला मारायला दिला. त्याचा प्लास्टिकचा ब्रश दिला. आधी ओल्या फडक्याने पुस, म्हणाला. पुसलं. डबा हळू ढवळला, बाळ निजलंय असं समजून. एकदा गेलेल्या जागी ब्रश परत फिरवायचा नाही म्हणाला. फार हात शिवशिवत होता. नाही फिरवला.

काटा आला नाही.

छोटीला काय सांगू? दोन दिवस उरलेत. आत्याला नाही म्हणायला मीच लावलं. एक वर्ष जाईल तिचं. शपथसुद्धा माझीच घातलेली.

फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. ‘बँकेचा सर्व्हर’ असं सुरू केलं, खोडलं. ‘मालकीणबाईंच्या घरी आजारपण’, खोडलं. ‘छोटे, मी’ इथपर्यंत ठीक आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत

फोन केला. कागद हातात धरून म्हणालो, छोटे, मी. पुढे कागद कोराच होता.

ती म्हणाली, बोल ना दादा. मग मी सगळं सांगितलं. वूल, चहा, कीड, तारीख. ती मधे हसली. कीड ऐकून तर खोकला येईपर्यंत हसली. मी चिडलो. म्हणालो, तुझं वर्ष गेलं इथे आणि तू हसतेस?

ती म्हणाली, कुठे गेलं? फी भरली. अकरा तारखेला.

मी म्हणालो, कशी?

म्हणाली, आत्याने दिले. आठ तारखेला तुझा फोन आला ना, दगडावरची रेघ वगैरे, तो ठेवला आणि आई चपला घालून आत्याकडेच गेली. आई म्हणाली, एकरकमी म्हणतोय म्हणजे पैसे नक्की येत नाहीत.

शपथेचं काय, विचारलं. म्हणाली, आईने तुझ्या वतीने सोडवून घेतली.

म्हणजे अठरा तारखेला मी पैसे निघाल्यातच जमा म्हणून सांगत होतो, तेव्हा फीची पावती कपाटात होती. आणि आईने विचारलं, जेवतोस ना.

आधी फार अपमान वाटला. मग एवढं हलकं वाटलं की उरलेला डबा चष्म्याचाही खाल्ला.

ठेवताना छोटी म्हणाली, आत्याचे सावकाश देऊ, ती घाई करत नाही. फक्त कॉलेजात पांढरे बूट लागतात, सोमवारपासून. तुला जमेल तेवढं दे, नाहीतर मैत्रिणीचे आहेत, जरा सैल होतात.

सैल कशाला? माझ्या बहिणीने दुसऱ्याचे बूट घालायचे?

३० नोव्हेंबर, शनिवार. पगार

मालकीणबाईंनी कापायचं ते कापलं. खोलीचं भाडं दिलं, खाणावळीचं दिलं. चौकातल्या काचेसमोर थांबलो. तपकिरी बूट अजून तिथेच आहेत. त्यांना म्हणालो, बसा.

मनीऑर्डर करायची म्हणून एक कार्ड घेतलं, पाठीमागे छोटीचा पत्ता लिहिला. पुढच्या बाजूला ‘स्पेशालस्ट’ होतं, त्यातली वेलांटी पेनने घातली.

तिला सांगितलंय, बूट चांगल्यातले घे, पैशाकडे बघू नको.

पाठवतोय: अकराशे चाळीस.